निर्जंतुकीकरणाची हमी कोण देणार?

दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया होते. दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी परततो, टाके सुकतात, तो कामावरही रुजू होतो. तीन-चार आठवडे उलटतात आणि बेंबीजवळच्या बारीकशा व्रणापाशी गाठ येते. ती फुटते आणि पू झिरपू लागतो. नेहमीची प्रतिजैविके दिली जातात, थोडा उतार पडल्यासारखे वाटते, आणि जखम पुन्हा वाहू लागते. साध्या जंतुतपासणीत काहीच उगवत नाही. अखेर कुणाला तरी शंका येते, वेगळी चाचणी होते आणि क्षयाच्या जंतूंच्या कुळातला, पण क्षयाचा नसलेला, पाण्यात आणि मातीत सहज आढळणारा एखादा जंतू हाती लागतो. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम किंवा मायकोबॅक्टेरियम चेलोनी अशी त्यांची नावे. मग कित्येक महिने चालणारे औषधोपचार, आणि काही रुग्णांत व्रणाचा भाग पुन्हा कापून काढणे.

भारतीय शल्यचिकित्सकांच्या वैद्यकीय नियतकालिकांतून या दुखण्याची वर्णने अनेक वर्षे येत आहेत. त्यांतील कारणमीमांसा बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबते: उपकरणे नीट उघडून धुतली गेली नव्हती, ती ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढली गेली आणि नंतर ज्या पाण्याने खंगाळली गेली ते पाणीच निर्जंतुक नव्हते. या प्रकारात रुग्ण दगावत नाही, म्हणून बातमी होत नाही. तक्रार झालीच तर ती ‘जखम चिघळली’ एवढ्यावर मिटते. इस्पितळाच्या नोंदीत तो रुग्ण यशस्वी शस्त्रक्रियेच्या रकान्यातच राहतो, कारण जखम वाहू लागली तेव्हा तो तिथे नव्हता आणि नंतर कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला.

ब्राझीलने याच प्रश्नाचे फार मोठे रूप पाहिले. २००६-०७ च्या सुमारास एकट्या रिओ दि जानेरो राज्यात साठांहून अधिक इस्पितळांमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशा संसर्गाचे हजाराहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांतून वेगळा केलेला जंतू दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडलाही दाद देत नव्हता. २००९ मध्ये तेथील आरोग्य नियामक संस्थेने अशा शस्त्रक्रियांची उपकरणे द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्याची पद्धतच बंद केली. आपल्याकडे असा सरसकट बंदीचा निर्णय झालेला नाही. तो व्हावा की नाही यावर मतभेद असू शकतात. मात्र ज्या विभागाकडे हे काम असते, त्या विभागाच्या गुणवत्तेची तपासणी कोण करते आणि कशी, हे विचारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मोठ्या इस्पितळांत या विभागाला सीएसएसडी म्हणतात, म्हणजे केंद्रीय निर्जंतुक पुरवठा विभाग. तो बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात, वाफेच्या नळांच्या आणि धुलाईखान्याच्या शेजारी असतो. शस्त्रक्रियागृहातून वापरलेली कात्री, चिमटे, दुर्बिणीच्या नळ्या, हाडांची करवत, सगळे एका दारातून येते आणि धुऊन, तपासून, बांधून, निर्जंतुक होऊन दुसऱ्या दारातून बाहेर पडते. आरोग्यावरील सार्वजनिक चर्चेत याचे नाव क्वचित ऐकू येते. विधानसभेत खाटा, रुग्णवाहिका, डायलिसिस आणि रिक्त पदे यांवर प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत. नव्या यंत्राचे उद्घाटन होते तेव्हा छायाचित्रेही निघतात. शस्त्रक्रियेच्या ट्रेमधील पकड आतून स्वच्छ होती का, हा प्रश्न मात्र सभागृहात सहसा येत नाही.

प्रश्न नीट समजून घ्यायचा तर तीन शब्द वेगळे ठेवावे लागतात. स्वच्छ, जंतुरहितप्राय आणि निर्जंतुक. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली वर्गवारी आजही जगभर वापरली जाते. जे उपकरण शरीराच्या निर्जंतुक भागात किंवा रक्तप्रवाहात शिरते ते निर्जंतुकच हवे. जे केवळ श्लेष्मल त्वचेला लागते, उदाहरणार्थ जठराची तपासणी करणारी एंडोस्कोपी, त्यासाठी उच्च प्रतीचे जंतुनाशन किमान हवे. आणि जे फक्त अखंड त्वचेला लागते, जसे रक्तदाब मोजण्याचा पट्टा, ते स्वच्छ पुसलेले असले तरी चालते. पोटाच्या पोकळीत जाणारी दुर्बीण कोणत्या वर्गात पडते याबद्दल संदिग्धता नाही. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडमधील वीस मिनिटे हे जंतुनाशन झाले. त्याच द्रावणाने निर्जंतुकीकरण साधायचे तर सुमारे दहा तास लागतात. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्यातच लहान इस्पितळांची अडचण दडलेली आहे.

ती अडचण नफेखोरीची आहे असे म्हणणे सोपे असले तरी अपुरे ठरेल. हिशेब मांडून पाहावा. उपकरणे उघडून धुण्यास पाऊण तास, तपासून बांधण्यास अर्धा तास, ऑटोक्लेव्हचे पूर्ण चक्र सुकवणीसह एक तास, नंतर थंड होण्यास आणखी अर्धा-पाऊण तास. म्हणजे एक संच पुन्हा वापरण्याजोगा होण्यास जवळपास तीन तास. शस्त्रक्रिया स्वतः एका तासाची. दुर्बिणीच्या उपकरणांचा एकच संच असलेल्या इस्पितळात दिवसाला दोन, फार तर तीन शस्त्रक्रिया प्रामाणिकपणे होऊ शकतात. यादीत पाच किंवा सहा नावे असतील, तर उरलेल्या रुग्णांसाठी संच कुठून आला, या प्रश्नाचे उत्तर द्रावणाच्या त्या ट्रेमध्ये सापडते. आजची दुर्बिणीची बहुतेक उपकरणे वाफेचे १३४ अंश तापमान सहन करतील अशी बनवलेली असतात. म्हणजे अडते ते तंत्रज्ञानापाशी नव्हे, संचांच्या संख्येपाशी. संख्या वाढवण्याचा खर्च एकदाच येतो. पण तो खर्च करताना समारंभ होत नाही.

याच हिशेबाची भीषण बाजू देशाने नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ पाहिली. कुटुंबनियोजनाच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने एका दिवसात ८३ महिलांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर तेरा महिलांचा मृत्यू झाला. मृत्यूंचे कारण औषधांतील भेसळ की जंतुसंसर्ग, यावर पुढे वाद झाला आणि तो येथे सोडवण्याचे कारण नाही. पण ८३ शस्त्रक्रियांसाठी पूर्ण आठ तास धरले तरी एकीच्या वाट्याला सहा मिनिटेही येत नाहीत. वीस मिनिटांच्या अपुऱ्या जंतुनाशनालाही त्यात जागा नव्हती, हे सांगायला चौकशी आयोगाची गरज पडू नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. इंदूरच्या मराठी वाचकांना ऑगस्ट २०१९ ची घटनाही आठवत असेल. तिथल्या एका नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर संसर्ग होऊन अकरा जणांची दृष्टी गेली. अशा प्रत्येक वेळी शस्त्रक्रियागृहाला सील ठोकले जाते, परवाना स्थगित होतो, भरपाई जाहीर होते. पुढच्या वेळी चूक वेळेत पकडली जावी यासाठी रोजच्या कामात काय बदलले, हे मात्र कळायला मार्ग नसतो.

आता विभागाच्या आत जाऊ. सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी प्रतिष्ठेचे काम आहे धुण्याचे. वाफ कितीही तापलेली असली तरी वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली ती पोचेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रिया संपल्यावर टेबलापाशीच उपकरण पुसणे, ते ओले राहील अशी व्यवस्था करणे, बंद पेटीतून खाली पाठवणे, येथून गुणवत्तेची सुरुवात होते. प्रत्यक्षात दुपारी संपलेल्या शस्त्रक्रियेचा ट्रे संध्याकाळी खाली येतो तेव्हा सांध्यांतले रक्त दगडासारखे झालेले असते. मग विकरयुक्त साबण, नळ्यांच्या आतून फिरवायचे योग्य जाडीचे ब्रश, ध्वनिलहरींनी धुणारी टाकी, गरम पाण्याचे धुलाईयंत्र आणि अखेरीस भिंगाखाली तपासणी. ब्रश नळीपेक्षा बारीक असेल तर तो कडांना लागतच नाही; जाड असेल तर आत जात नाही. पाणी जड असेल तर पांढरे डाग पडतात, पाण्यात क्षार व क्लोराइड जास्त असतील तर पोलादाला बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत पुढच्या वेळचे रक्त बसते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या उपकरणावर प्रथिनांचा अंश उरला आहे का, हे दाखवणाऱ्या साध्या पट्ट्या बाजारात मिळतात. दर आठवड्याला दहा-वीस उपकरणांवर ही चाचणी करून आकडे लिहून ठेवले तर धुण्याचा दर्जा चढतो आहे की उतरतो आहे, ते कळू शकते.

कधी कधी उपकरणाची रचनाच धुण्याच्या आड येते. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात पित्तनलिकेच्या तपासणीच्या एका प्रकारच्या दुर्बिणीतून औषधांना न जुमानणारे जंतू पसरले. सात जणांना संसर्ग झाला, त्यांतील दोघे दगावले आणि पावणेदोनशेहून अधिक रुग्णांना संसर्गाची शक्यता असल्याचे कळवावे लागले. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे धुऊनही दुर्बिणीच्या टोकाच्या हलत्या भागात जंतू टिकून राहत होते. याचा अर्थ खरेदीच्या समितीत हे उपकरण धुणाऱ्या माणसालाही बसवायला हवे. निविदा उघडताना दर, हमी आणि पुरवठ्याची मुदत पाहिली जाते. हे कसे उघडते, आतून कसे धुतात, किती वेळ लागतो, याची विचारणा करणारा माणूस त्या खोलीत सहसा नसतो.

धुण्यानंतर वाफेची पाळी. १२१ अंशांना पंधरा ते वीस मिनिटे, किंवा निर्वात पद्धतीच्या यंत्रात १३४ अंशांना तीन ते चार मिनिटे, हे आकडे विभागातील प्रत्येकाला पाठ असतात. अडचण अशी की यंत्राच्या तबकडीवर दिसणारे तापमान हे गाठोड्याच्या मधोमध असलेल्या कात्रीचे तापमान असेलच असे नाही. आत हवा अडकली असेल तर तिथे वाफ शिरत नाही. एडिंबरा येथील बोवी आणि डिक यांनी १९६३ मध्ये यावर एक सुटसुटीत चाचणी सुचवली. रोज सकाळी रिकाम्या यंत्रात चाचणीचे गाठोडे ठेवून एक चक्र चालवायचे आणि आतल्या कागदाचा रंग सर्वत्र सारखा बदलला का, ते पाहायचे. मधोमध फिकट डाग राहिला तर हवा अडकली आहे. त्या दिवशी ते यंत्र बंद. साठ वर्षांहून जुनी ही चाचणी आजही दिवसाची पहिली पायरी मानली जाते. आपल्या किती इस्पितळांत ती रोज होते, आणि डाग दिसलेल्या दिवशी यंत्र खरोखर बंद ठेवले जाते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा अधिक अवघड आहे.

अडकलेल्या हवेची किंमत काय असते, हे १९७२ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या डेव्हनपोर्ट इस्पितळात दिसले. तिथे शिरेतून दिलेल्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्या दूषित निघाल्या आणि पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध जोडला गेला. बाटल्या कारखान्यातील ऑटोक्लेव्हमधून निघाल्या होत्या. पण तळाशी हवा राहिल्याने खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. क्लोदियर समितीच्या चौकशीतली सर्वांत बोचरी बाब निराळी होती. तापमान नोंदवणारे साधन ते वाढत नसल्याचे दाखवत होते. ते साधनच बिघडले असावे असे समजून माणसांनी दुसऱ्या मापकावर विश्वास ठेवला. इशारा देणारे यंत्र खोटे ठरवण्याचा हा मोह आपल्याकडच्या कुठल्याही कार्यशाळेत, वीजघरात किंवा बोटीवरही पाहायला मिळेल. औषधनिर्मिती उद्योगाने त्या घटनेनंतर तयार मालाच्या नमुना-तपासणीवरची भिस्त कमी केली आणि प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्याच्या नोंदीवर भर दिला. इस्पितळांतील निर्जंतुकीकरणालाही तोच नियम लागू पडतो, कारण निर्जंतुक गाठोडे तपासण्यासाठी उघडले की ते निर्जंतुक राहत नाही.

गाठोड्यावरच्या पट्टीबद्दल एक गैरसमज डॉक्टरांतही आढळतो. ऑटोक्लेव्हमधून गेल्यावर त्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटतात. हे गाठोडे यंत्रातून जाऊन आले आहे, एवढेच त्या रेघा सांगतात. आत वाफ पोचली का, पुरेसा वेळ टिकली का, हे सांगणारे रासायनिक निदर्शक गाठोड्याच्या आत ठेवावे लागतात. त्यावरची कसोटी म्हणजे जैविक निदर्शक. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अतिशय चिवट जंतूचे बीजाणू असलेली कुपी वाफेच्या चक्रातून काढायची आणि नंतर ते बीजाणू जगले का, ते पाहायचे. पूर्वी यासाठी एक-दोन दिवस लागत. आता अर्ध्या तासाच्या आत निकाल देणारी साधने आहेत. शरीरात कायमचे बसवायचे सांधे, पट्ट्या, स्क्रू असलेला प्रत्येक लोड हा निकाल हाती आल्यावरच वर पाठवावा, हा जगन्मान्य संकेत आहे.

आणि समजा एखाद्या दिवशी निकाल वाईट आला. मागचा चांगला निकाल आठ दिवसांपूर्वीचा होता. या आठ दिवसांत त्या यंत्रातून निघालेले संच कोणकोणत्या रुग्णांसाठी वापरले गेले? गुणवत्ता नियंत्रणाची खरी परीक्षा येथे होते. संचावर यंत्राचा क्रमांक, चक्राचा क्रमांक, तारीख आणि बांधणाऱ्याची खूण असलेले लेबल असेल आणि ते शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवले असेल, तर तासाभरात यादी हाती येते. नसेल तर आठ दिवसांतल्या सगळ्या रुग्णांना बोलवावे लागते, किंवा कुणालाच बोलवले जात नाही. दुसरी शक्यता कोणत्या परिस्थितीत प्रत्यक्षात येते, ते वाचकांनी ओळखावे.

गोव्यापुरते पाहिले तर काही गोष्टी आपल्या बाजूने आहेत आणि काही ठळकपणे विरोधात. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या एस्कोला मेडिकापासूनची परंपरा सांगणाऱ्या या राज्यात बांबोळीचे गोमेकॉ हे एकमेव सर्वोच्च सरकारी इस्पितळ आहे. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा इस्पितळे आहेत, आणि सिंधुदुर्ग व कारवारकडचे रुग्णही बांबोळीलाच येतात. शस्त्रक्रियांचा भार एका जागी एकवटतो. तेथील किंवा कोणत्याही विशिष्ट इस्पितळातील कारभारावर येथे काही ठपका ठेवायचा नाही. पण अशा व्यवस्थेत सीएसएसडीमधील एखादे मोठे यंत्र आठवडाभर बंद पडले तर त्याचा परिणाम साऱ्या राज्यातल्या शस्त्रक्रियांच्या यादीवर होतो, हे नियोजनात धरलेच पाहिजे. यंत्र विकत घेणे सोपे असते. त्याच्या देखभालीचा वार्षिक करार, सुटे भाग आणि मोजमापे तपासून घेण्याचा खर्च दरवर्षी अर्थसंकल्पात शोधावा लागतो.

विरोधात आहे ती हवा. निर्जंतुक साठ्याच्या खोलीतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या आत असावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या किनारपट्टीवर बाहेरची आर्द्रता ऐंशी-नव्वदीच्या घरात असते. वातानुकूलन बंद पडले किंवा खर्च वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवले, की कापडी गाठोड्यांना ओल धरते. ओले कापड जंतूंना आत येण्याची वाट करून देते. म्हणून ओले गाठोडे हे वापरलेल्या गाठोड्यासारखेच समजून पुन्हा पहिल्यापासून प्रक्रियेत घालावे लागते. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेले चक्रही तसेच: उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करून चालत नाही. युरोपातील सूचनापुस्तिका जशीच्या तशी भिंतीवर लावून हे भागणार नाही. पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक, सुकवणीचा वाढीव वेळ, कापडाऐवजी आर्द्रतेत टिकणारी वेष्टने आणि साठ्याच्या खोलीत रोज दोनदा लिहिलेली आर्द्रतेची नोंद एवढे तरी हवे.

अस्थिशल्याचा एक वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याबद्दल उघडपणे फारसे बोलले जात नाही. गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे संच इस्पितळाच्या मालकीचे नसतात; पुरवठादार ते आणून देतो आणि शस्त्रक्रियेनंतर पुढच्या इस्पितळात घेऊन जातो. काल बेळगावात वापरलेला ट्रे आज मडगावात येणे त्यात अशक्य नाही. तो रात्री उशिरा पोचतो, सकाळी आठची शस्त्रक्रिया असते, आणि आधीच्या ठिकाणी तो कसा धुतला याची कोणतीही नोंद त्याच्यासोबत नसते. निदान एक पूर्ण दिवस आधी संच पोचला नाही तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, असा नियम करायला कोणत्याही इस्पितळाच्या अधीक्षकाला नव्या कायद्याची गरज नाही. पुरवठादार पहिल्या महिन्यात कुरकुरतील आणि दुसऱ्या महिन्यात वेळेवर येतील.

कायद्याचा आधार तसा आहे. राज्याने खासगी आरोग्य आस्थापनांच्या नोंदणीचा व नियमनाचा कायदा २०१९ मध्ये केला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी इस्पितळांसाठी २०१५ पासून कायाकल्प योजना आहे, खासगींसाठी एनएबीएचचे मानांकन आहे. पण मानांकनाच्या तपासणीत समितीचा फेरा ठरलेल्या दिवशी येतो आणि त्या दिवशी वह्या भरलेल्या असतात. एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात भरलेल्या महिनाभराच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. यंत्रातून आपोआप छापून निघणारा तापमानाचा कागद अधिक बोलका असतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून सरकार खासगी इस्पितळांना शस्त्रक्रियांचे पैसे देते. दर महिन्याच्या जैविक निदर्शकांचे निकाल आणि शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांतल्या संसर्गाची संख्या ही त्या देयकांची अट करता येईल. पैसे देणाऱ्याने माल कसा आहे हे विचारावे, यात जाचक काही नाही.

उरतात ती माणसे. या विभागात काम करणाऱ्यांमध्ये अनेकदा कंत्राटी कामगार असतात. परिचारिकेला किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाला जशी पदवी, पदनाम आणि बढतीची वाट असते तशी यांना क्वचित असते. एखाद्या मोठ्या संचात शंभरावर उपकरणे असतात; प्रत्येकाचे नाव, रूप, जोडणी लक्षात ठेवणे हे शिकून येणारे कौशल्य आहे आणि सहा महिन्यांनी कंत्राट बदलले की ते कौशल्य दाराबाहेर जाते. शस्त्रक्रिया खोळंबली की वरून फोन येतो आणि लवकर पाठवा म्हणून दरडावणी होते. अशा वेळी ‘लोड पुन्हा घालावा लागेल’ असे म्हणण्याचा अधिकार तळमजल्यावरच्या माणसाला लेखी दिलेला नसेल, तर त्याच्या हातातील सगळ्या चाचण्या निरुपयोगी आहेत.

अमेरिकेतील दोन इस्पितळांचे अनुभव येथे उपयोगी पडतील. डेट्रॉइटमधील एका मोठ्या वैद्यकीय केंद्रात अस्वच्छ आणि अपुऱ्या उपकरणांबद्दल शल्यचिकित्सक अकरा वर्षे तक्रारी करत होते. २०१६ मध्ये तिथल्या वृत्तपत्राने अंतर्गत पत्रव्यवहार छापला तेव्हा जगाला कळले. तक्रारी होत होत्या. पण त्या मोजून, वर्गवारी करून, धुणाऱ्याकडे परत पोचवण्याची यंत्रणा काम करत नव्हती. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन केंद्राने उलट दिशेने सुरुवात केली. प्रत्येक चूक, म्हणजे हरवलेली कात्री, फाटलेले वेष्टन, रक्ताचा डाग, चुकीची जोडणी, नोंदवायची आणि ती टेबलावर सापडण्याऐवजी जिथे घडली तिथेच सापडेल अशी कामाची रचना बदलायची. शस्त्रक्रियांच्या तीन टक्क्यांमध्ये आढळणाऱ्या चुका सुमारे तीन वर्षांत दीड टक्क्यावर आल्या. हे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. नावाजलेल्या इस्पितळातही दीड टक्का उरला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

आपल्याकडे अशी मोजणी सुरू झाली तर पहिल्या वर्षी आकडे वाढतील. आजवर न लिहिलेल्या चुका लिहिल्या जातील, एवढाच त्याचा अर्थ असेल. त्या वेळी वृत्तपत्रांनी (आमच्यासह) ‘इस्पितळात चुकांचा कळस’ असे मथळे दिले आणि विरोधकांनी आरोग्यमंत्र्यांना धारेवर धरले, तर दुसऱ्या वर्षी वह्या पुन्हा एकाच शाईने भरल्या जातील. चूक नोंदवणाऱ्या कामगाराचे कंत्राट त्याच कारणाने संपणार नाही, ही हमी आरोग्य खात्याने परिपत्रक काढून दिली पाहिजे, आणि सीएसएसडीच्या प्रमुखाला इस्पितळाच्या संसर्ग नियंत्रण समितीच्या प्रत्येक बैठकीत खुर्ची मिळाली पाहिजे.

लहान इस्पितळांसाठी एक व्यवहार्य मार्ग राज्याच्या आकारातच आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे अंतर एका दिवसात जाऊन येण्याइतके आहे. जिल्हा इस्पितळांमधील यंत्रे संध्याकाळनंतर मोकळी राहत असतील, तर दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमना दर ट्रेमागे ठराविक शुल्क आकारून तिथे निर्जंतुकीकरण करून देता येईल. बंद पेट्या, एक गाडी आणि वेळापत्रक एवढीच भर लागेल. दुर्बिणीच्या संचांची संख्या मात्र त्या नर्सिंग होमना वाढवावीच लागेल, आणि त्यासाठी कर्जावरील व्याजात सवलत देणे सरकारला जड जाऊ नये.

रुग्णाने स्वतः काय पाहावे, असे वाचक विचारतील. भूल दिल्यावर काहीच पाहता येत नाही. पण शस्त्रक्रियेपूर्वी इस्पितळाला हे विचारता येते की वापरलेल्या संचाचे लेबल केसपेपरवर लावले जाते का, दुर्बिणीची उपकरणे वाफेने किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करतात की द्रावणात बुडवतात, आणि माझ्या आधी त्याच संचाने आज किती शस्त्रक्रिया झाल्या. घरी परतल्यावर महिना-दीड महिन्याने व्रण वाहू लागला तर ज्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली तिथे लेखी कळवावे आणि त्याची पोच घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरकडे उपचार घेतले तरी ही एक चिठ्ठी पहिल्या इस्पितळाच्या नोंदवहीत जायला हवी, कारण त्याच आठवड्यात त्याच संचाने शस्त्रक्रिया झालेले आणखी कुणी असू शकतात.